अपराधी मनाला वाट हवी

३ एप्रिल १८५८ रोजी इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजा झाशी शहरात शिरल्या आणि कत्तल सुरू झाली. वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा झाशीतच होते. ‘माझा प्रवास’ या आपल्या आठवणींच्या पुस्तकात ते सांगतात की, जळते शहर पाहून राणी लक्ष्मीबाई व्याकूळ झाल्या आणि दारूगोळा पेटवून त्यात प्राण देण्याचे बोलू लागल्या. एका वृद्ध सरदाराने आत्महत्या हे पाप असल्याचे बजावून रातोरात बाहेर पडून लढण्याचा सल्ला दिला, तेव्हा तो विचार मागे पडला. हे सारे आपल्यामुळे घडले असे राणींना वाटले असेल, तर नेदरलँड्समधल्या नेलिसेन आणि झीलेनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रयोगांतून जे दाखवले, ते या प्रसंगाशी चांगलेच जुळते. आपल्यामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले आणि ते भरून देण्याची सोय नसली, की माणसे स्वतःलाच शिक्षा करून घेतात. भरपाईची वाट मोकळी असली, तर ही ओढ दिसत नाही. म्हणजे त्यागाची प्रत्येक ऊर्मी उदात्ततेतूनच येते असे नाही. कधी ती अडकलेल्या अपराधभावातूनही येते.

यावर कोणी म्हणेल, राणींना शत्रूच्या हाती पडण्याची भीती असेल, किंवा ते निव्वळ दुःख असेल. शिवाय गोडसे भटजींनी हे सारे वीसेक वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर लिहिले. हे आक्षेप रास्त आहेत, आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या मनाचे निदान कोणी छातीठोकपणे करूही नये. तरी गोडसे भटजींच्या कथनात मरणाचा विचार येतो तो होरपळणारी प्रजा पाहून, आणि मावळतो तो काही करण्याजोगे समोर आल्यावर. भीतीने किंवा दुःखाने हा क्रम तितका नीट उलगडत नाही.

अपराधभावाचे फार गोडवे मात्र गाऊ नयेत. डी होगे आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधल्या प्रयोगांत अपराधी वाटणाऱ्यांनी ज्याचे नुकसान केले होते त्याला सढळ हाताने दिले, पण स्वतःच्या वाट्यातून नव्हे, तिसऱ्याच्या वाट्यातून! समाजाच्या कृतज्ञतेचेही असेच होते. एकीचे ऋण फेडताना दुसरीचा वाटा कापला जातो. राणींना निसटता यावे म्हणून त्यांच्या वेशात इंग्रजांसमोर गेल्याचे लोकपरंपरा जिच्याबद्दल सांगते, त्या झलकारीबाईंच्या नावाचे टपाल तिकीट निघायला २००१ साल उजाडावे लागले.