पायवाटांची अंकीय नोंद

भिलाईची सेक्टररचना नकाशावर सहज सापडते; दल्ली-राजहरा परिसरातील वनवाटांचे ज्ञान मात्र प्रामुख्याने त्या तुडवणाऱ्यांपाशी असते. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएस संकेतांतील हेतुपुरस्सर त्रुटी हटविल्याने सामान्यांनाही अशा वाटा नोंदविणे सुकर झाले. २००४ मध्ये ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा मुक्त नकाशा सुरू झाला. नोंद करणाऱ्याने वाट प्रत्यक्ष चालावी, तिचा पृष्ठभाग व पावसाळ्यातील स्थिती नमूद करावी. स्वामित्वाधीन नकाशांची नक्कल टाळावी. वनहक्क कायदा, २००६ अंतर्गत दाव्यांत नकाशा हा पुरावा ठरतो. मात्र २०१२ च्या सुधारित नियमांनुसार उपग्रहचित्रे व तंत्रज्ञान अन्य पुराव्यांना पूरक असतात, पर्यायी नव्हेत. वाट उघड झाल्यास वनोपजावर बाहेरच्यांचीही दृष्टी पडते. म्हणून प्रसिद्धीपूर्वी ग्रामसभेची संमती घेणे श्रेयस्कर होय.