मॉरिशस : द्वीपराष्ट्र आणि समुद्रातील ऊर्जा



या घटकात आपण एका छोट्या द्वीपराष्ट्राच्या निमित्ताने सागरी नवीकरणीय ऊर्जेचा विचार करणार आहोत. हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागात, मादागास्करच्या पूर्वेस, मॉरिशस आहे. मुख्य बेट, त्याच्या पूर्वेस सुमारे ६०० किलोमीटरवर असलेले रॉड्रिग्ज आणि इतर लहान बेटे मिळून या राष्ट्राची जमीन अवघी २,०४० चौरस किलोमीटर भरते. म्हणजे आजच्या ठाणे जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडी कमीच. परंतु ज्या सागरी टापूवर हे राष्ट्र आर्थिक हक्क सांगते, तो सुमारे २३ लाख चौरस किलोमीटरांचा आहे. जमिनीच्या अकराशे पटींहून अधिक समुद्र! असे असताना या देशातील दिव्यांसाठी लागणारा कोळसा आणि तेल आगबोटींनी बाहेरून का आणावे लागते, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

वीज आज कोठून येते?

मॉरिशसची वीजयंत्रणा एकाकी आहे. महाराष्ट्रात एखादे वीजकेंद्र बंद पडले, तर दुसऱ्या राज्यातून वीज घेता येते. मॉरिशसला असा शेजारी नाही. देशाची कमाल मागणी सुमारे ५०० मेगावॅट आहे आणि ती क्षणोक्षणी बेटावरच भागवावी लागते. अलीकडच्या वर्षांत एकूण विजेपैकी साधारण चार-पंचमांश भाग आयात कोळसा आणि जड तेल यांपासून आला. उरलेल्या पंचमांशात मोठा वाटा आहे तो उसाच्या चिपाडाचा.

या चिपाडाशी आपलेही थोडे नाते आहे. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून जे भारतीय मॉरिशसच्या ऊसमळ्यांत गेले, त्यांत रत्नागिरी आणि कोकणपट्टीतील मराठी माणसे होती. त्यांचे वंशज आज घरात बहुधा क्रेओल बोलतात. मराठी मात्र तेथील शाळांत अजून शिकवली जाते. ज्या उसासाठी ती माणसे समुद्र ओलांडून गेली, त्याच उसाचे चिपाड आज साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जळून वीज देते.

मात्र या इंधनाला हंगाम आहे. ऊसतोडणी साधारण जून ते डिसेंबर चालते. हंगाम संपला की त्याच बॉयलरमध्ये कोळसा टाकला जातो. आणि विजेची मागणी कमालीला पोचते ती जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यात, वातानुकूलन यंत्रे अहोरात्र चालू असताना. हा ऋतूंचा मेळ, खरे तर बेमेळ, लक्षात ठेवावा. पुढील साऱ्या विवेचनात तो कामी येणार आहे.

२०३० पर्यंत ६० टक्के वीज नवीकरणीय स्रोतांपासून मिळवण्याचे आणि कोळसा बंद करण्याचे उद्दिष्ट मॉरिशसने २०२१ मध्ये जाहीर केले.

समुद्राकडे पाहताना

सागरी ऊर्जा म्हटले की प्रथम भरती-ओहोटी आठवते. फ्रान्समधील राँस नदीच्या मुखावर १९६६ पासून २४० मेगावॅटचे भरती-वीजकेंद्र चालू आहे; पण तेथे पाणी सरासरी आठ मीटर चढते-उतरते. मॉरिशसला हा फरक जेमतेम अर्ध्या मीटरचा आहे, तेव्हा तो विषय येथेच संपतो. समुद्रातील पवनचक्क्यांची अडचण वेगळी आहे. मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेले बेट असल्यामुळे प्रवाळभिंतीबाहेर तळ झपाट्याने खोल जातो. तळाशी खांब रोवण्याजोगी उथळ जागा थोडीच. तरंगत्या पवनचक्क्या हा पर्याय आहे, पण तो आज महाग आहे आणि वादळांचा विचार करूनच निवडावा लागेल. राहिल्या दोन गोष्टी : लाटा आणि खोल पाण्याचा गारवा.

लाटांची ऊर्जा

अंटार्क्टिकाभोवतालच्या दक्षिण महासागरात उठणाऱ्या लांब लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून मॉरिशसच्या दक्षिण किनाऱ्यावर येतात. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळभिंत असून तिच्या आत खारकच्छाचे शांत पाणी असते. दक्षिणेस सुयाकजवळच्या ग्रि-ग्रि येथे मात्र ही भिंत खंडित आहे आणि समुद्र थेट काळ्या कड्यावर आदळतो. पर्यटक तेथे छायाचित्रे काढतात. अभियंते तेथे उभे राहून आकडेमोड करतात.

ती आकडेमोड आपणही करून पाहू. खोल पाण्यातील लाटेची उंची मीटरांत घेऊन तिचा वर्ग करावा, त्याला दोन लाटांमधील सेकंदांनी गुणावे आणि गुणाकाराची निमपट घ्यावी. जो आकडा येतो, तो लाटेच्या दर मीटर रुंदीमागील शक्ती किलोवॅटमध्ये अंदाजाने सांगतो. लाट दोन मीटर उंच आणि अंतर दहा सेकंदांचे असेल, तर उत्तर येते २०. म्हणजे एका किलोमीटरच्या पट्ट्यात २० मेगावॅट शक्ती किनाऱ्याकडे येत असते. यंत्रांनी तिचा पाचवा हिस्सा पकडला असे मानले, तर चार मेगावॅट वीज. मोठ्या किनाऱ्याच्या देशाला हे काहीच नाही. ५०० मेगावॅटच्या देशात ते दखल घेण्याजोगे आहे.

आता तेच गणित चक्रीवादळातील लाटेसाठी करा. उंची दहा मीटर, अंतर बारा सेकंद. उत्तर ६००! रोजच्या लाटेच्या तीसपट. वीज विकायची ती रोजच्या लाटेची; पण यंत्र बांधायचे ते या तीसपट लाटेत टिकेल असे. लाटांच्या ऊर्जेचा इतिहास ज्या अडचणीपाशी पुन्हा पुन्हा अडखळतो, ती हीच आहे. १९७५ च्या फेब्रुवारीत आलेल्या 'जेर्वेज' चक्रीवादळात मॉरिशसमध्ये वाऱ्याचा झोत ताशी २८० किलोमीटरपर्यंत गेला होता. शेजारच्या रेयुनियाँ या फ्रेंच बेटाजवळ ऑस्ट्रेलियन तंत्राचे, पाण्याखाली राहून लाटांवर डोलणारे एक यंत्र चाचणीसाठी बसवले होते. २०१४ च्या जानेवारीत 'बेजिसा' चक्रीवादळात ते गमावले गेले. पुढे ते तंत्र विकसित करणाऱ्या कार्नेगी कंपनीने ऑस्ट्रेलिया शासनाच्या साहाय्याने मॉरिशसच्या लाटांचाही अभ्यास हाती घेतला. पण २०१९ मध्ये ती कंपनीच आर्थिक अडचणीत येऊन काही काळ प्रशासकांच्या हाती गेली. भारताचाही अनुभव आहे. केरळमधील विळिंजम येथे १९९१ मध्ये १५० किलोवॅटचे लाट-वीजकेंद्र उभे राहिले. ज्ञान पुष्कळ मिळाले, वीज थोडी.

याखेरीज ऋतूचा प्रश्न आहेच. दक्षिणेकडील लाटा जोरदार असतात त्या तेथील हिवाळ्यात, मे ते सप्टेंबरच्या सुमारास. म्हणजे चिपाड मुबलक असते आणि मागणी कमी असते, नेमकी तेव्हाच. उन्हाळ्यात गरज वाढते, तेव्हा या लाटा मंदावतात आणि चक्रीवादळांचे दिवस सुरू होतात. मुख्य बेटासाठी लाटांवर मोठी भिस्त ठेवू नये, असे मला वाटते ते या कारणाने. रॉड्रिग्जची गोष्ट निराळी आहे. तेथे चिपाड नाही. थोडी वाऱ्याची आणि सौर वीज सोडली, तर भार आयात तेलावर आहे. अशा जागी महाग वीजही तुलनेने परवडू शकते.

खोल पाण्याचा गारवा

मॉरिशसजवळ समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान उन्हाळ्यात सुमारे २८ अंश, तर हिवाळ्यात २३ अंशांच्या आसपास असते. हजार मीटर खोलीवर मात्र पाणी बारा महिने सुमारे ५ अंश असते. या फरकावर यंत्र चालवता येईल, ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ दार्सोन्वाल यांनी १८८१ मध्ये मांडली. उबदार पाण्याने अमोनियासारख्या द्रवाची वाफ करायची, तिच्यावर टर्बाइन फिरवायचे आणि गार पाण्याने तिचा पुन्हा द्रव करायचा.

तत्त्व निर्दोष आहे. अडचण प्रमाणाची आहे. औष्णिक केंद्रात तापमानाचा फरक शेकडो अंशांचा असतो, येथे वीस-बावीस अंशांचा. त्यामुळे प्रत्यक्षात उष्णतेचा दोन-तीन टक्के भागच विजेत उतरतो. त्यातूनही पंप आपला वाटा घेतात. नाउरू या पॅसिफिकमधील द्वीपराष्ट्रात १९८१ मध्ये जपानी अभियंत्यांनी असे केंद्र चालवून दाखवले. ते सुमारे १२० किलोवॅट वीज निर्माण करी; त्यातील जवळजवळ ९० किलोवॅट केंद्राच्या स्वतःच्या पंपांना आणि यंत्रांना लागत. तीस किलोवॅट शिल्लक! शिवाय मॉरिशसच्या हिवाळ्यात तापमानाचा फरक १८ अंशांवर येतो, म्हणजे या तंत्राला हव्या असलेल्या २० अंशांच्याही खाली.

मग हे गार पाणी निरुपयोगी समजायचे का? येथे आपण प्रश्न थोडा बदलून पाहू. उन्हाळ्यातील मागणीचा मोठा भाग हवा थंड करण्यासाठीच जातो. वीज तयार करून तिच्याने थंडावा निर्माण करण्याऐवजी समुद्राचा तयार थंडावाच इमारतींत नेला तर? दर सेकंदाला एक घनमीटर पाणी ५ अंशांवरून १२ अंशांपर्यंत तापू दिले, तर ते सुमारे २९ मेगावॅट उष्णता शोषते. तेवढ्यासाठी नेहमीच्या वातानुकूलन यंत्रांना सात ते नऊ मेगावॅट वीज लागेल. पंपांचा खर्च वजा जाता बाकी बचत. तेवढ्याच गार पाण्यापासून वीज करायला गेले, तर पदरात जेमतेम अर्धा मेगावॅट पडेल. ही बचत ऐन उन्हाळ्यात, ऐन गरजेच्या वेळी होते, आणि लाटांवर झुलणारे कोणतेही यंत्र तिला लागत नाही. लागते ती एक लांब नळी. वादळाचे भय नळीलाही आहे, पण मुख्यतः किनाऱ्याजवळच्या भागात.

पोर्ट लुईस येथील इमारती या रीतीने थंड करण्याची योजना मॉरिशसमध्ये आखली गेली. आफ्रिकी विकास बँकेच्या निधीतून तिच्या पूर्वतयारीला अनुदानही मिळाले. अशा कामात जवळजवळ सारा खर्च पहिल्याच दिवशी नळीत बुडतो आणि बचत वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने येते. गिऱ्हाइके आधी बांधून घेतल्याखेरीज कर्ज मिळत नाही आणि नळी दिसल्याखेरीज गिऱ्हाईक सही करत नाही. खोल पाण्याचा असा उपयोग आपल्या लक्षद्वीपमध्येही होतो : कवरत्ती बेटावर २००५ पासून पृष्ठभागाच्या आणि खोलीवरच्या तापमानातील फरकावर समुद्राचे पाणी गोडे केले जाते.

किनाऱ्यावरची माणसे

२५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळभिंतीवर चढले. ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल खारकच्छात सांडले. ते वीजकेंद्रांसाठी आणलेले तेल नव्हते, जहाजाचे स्वतःचे इंधन होते. पण तेलावर चालणाऱ्या जगाची किंमत किनाऱ्यावरील माणसे कशी मोजतात, ते त्या दिवसांत दिसले. लोकांनी उसाचा पाला कापडात शिवून लांबलचक बांध केले आणि तवंग अडवण्यासाठी ते पाण्यात सोडले.

म्हणून सागरी ऊर्जेचे स्वागत किनाऱ्यावर आपोआप होईल, असे मात्र समजू नये. मॉरिशसमध्ये समुद्र खवळल्यामुळे मासेमारीस जाता येत नाही, त्या दिवसांसाठी नोंदणीकृत मच्छीमारांना शासन भत्ता देते. अभियंता ज्या लाटेला संपत्ती म्हणून मोजतो, तीच लाट या नोंदवहीत बुडालेला रोजगार म्हणून नोंदली जाते. रॉड्रिग्जच्या विस्तीर्ण, उथळ खारकच्छात ओहोटीच्या वेळी स्त्रिया पायी फिरून भाल्याने ऑक्टोपस पकडतात. ऑक्टोपसची पैदास वाढावी म्हणून २०१२ पासून तेथे दर वर्षी काही आठवडे ही शिकार बंद ठेवली जाते. हाती येणारे उत्पन्न सोडून बेटाने ही शिस्त पाळली आहे. बाहेरच्या समुद्रातील कोणत्याही यंत्राची वीज किनाऱ्यावर आणायची, तर तिची केबल याच खारकच्छातून जाणार. ती कोठून न्यावी, कोणत्या महिन्यांत पुरावी आणि तेवढे दिवस या स्त्रियांच्या मजुरीचे काय करावे, हे त्यांना विचारून ठरवावे लागेल. आणि ते आराखडा मंजूर होण्यापूर्वी विचारावे लागेल.