ताटं मोजा, खिसे नकोत!

मधल्या सुट्टीतल्या खिचडीचा वास आठवतो ना? अमेरिकेतही रोज सुमारे ३ कोटी मुलं शाळेतच जेवतात. त्या ताटामागच्या कारभाराच्या या खमंग गोष्टी.

दोन प्रश्न, एक पातेलं
दुसऱ्या महायुद्धात भरतीला आलेले कितीतरी तरुण कुपोषणामुळे नापास झाले. इकडे शेतकऱ्यांच्या जादा मालाला गिऱ्हाईक हवं होतं. ४ जून १९४६ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी शालेय भोजन कायद्यावर सही केली. आजही ही योजना शिक्षण खात्याकडे नाही, कृषी खात्याकडे आहे!

पँथरांचा नाश्ता
जानेवारी १९६९. ओकलंडच्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये ब्लॅक पँथर पक्षानं मुलांना मोफत नाश्ता द्यायला सुरुवात केली. हो, मुंबईच्या दलित पँथरनं १९७२मध्ये ज्यांच्यावरून नाव घेतलं, तेच! सरकारी नाश्ता योजना १९६६पासून प्रयोग म्हणून चालू होती. ती १९७५मध्ये कायम झाली.

केचप म्हणजे भाजी?
१९८१मध्ये शालेय भोजनाच्या निधीला कात्री लागली. मग केचपसारखे पदार्थही भाजीत धरता येतील, असे नियम सुचवले गेले. देशभर एवढा गदारोळ उठला, की प्रस्ताव मागे घ्यावा लागला.

१.६ची करामत
२०१०च्या कायद्यानं गरीब वस्त्यांतल्या शाळांना उत्पन्नाच्या अर्जांतून सोडवलं. सरकारी अन्नमदत घेणाऱ्या घरांतली मुलं यादीवरूनच मोजायची आणि त्यांच्या टक्केवारीला १.६नं गुणायचं. तेवढ्या टक्के ताटांचे पैसे केंद्र मोफत जेवणाच्या पूर्ण दरानं देतं. यादीत ६२.५ टक्के मुलं असली, की गुणाकार बरोबर १००! जेवण मात्र शाळेतल्या प्रत्येकाला मोफत. २०२३मध्ये तर यादीची किमान अट ४०वरून २५ टक्क्यांवर आली.

हातावरचा शिक्का पुसला
जेवणाचे पैसे थकले, की काही शाळांत चक्क मुलांच्या हातावर शिक्का मारत. न्यू मेक्सिकोनं २०१७मध्ये कायदा करून ही मानहानी थांबवली. उधारीचं काय ते पालकांशी बोला, मुलाला जेवू द्या!

पैसा कुठून?
करोनाकाळात केंद्रानं सगळ्यांना मोफत जेवण्याची मुभा दिली. ती जून २०२२मध्ये संपली. कॅलिफोर्निया आणि मेन या राज्यांनी मात्र स्वतःच्या तिजोरीतून ताट चालू ठेवलं. कोलोरॅडोत त्याच वर्षी मतदारांनी कौल दिला: वर्षाला ३ लाख डॉलर किंवा त्याहून जास्त कमावणाऱ्यांच्या करसवलती कमी करा, त्यातून मुलांना जेवू घाला. मॅसॅच्युसेट्सनं १० लाख डॉलरांवरच्या उत्पन्नावर ४ टक्के जादा कर लावला आणि २०२३पासून त्याच पैशातून शाळेतलं जेवण कायमचं मोफत केलं.

तात्पुरती सवलत संपते. हक्काचा पैसा बांधून दिला, तर चूल पेटती राहते. रांगेत ताट घेऊन उभ्या असलेल्या मुलाला यातलं काहीच कळायची गरज नाही. त्याला फक्त भूक लागलेली असते.