हात चंचीकडे कोण नेतो?

जेवण झाले. हात धुऊन आपण ओट्यावर येऊन बसलो. शेजारी आला. पावसाच्या, बाजारभावाच्या गोष्टी निघाल्या. बोलता बोलता आपला हात कमरेला जातो. चंची सुटते. डाव्या तळहातावर तंबाखू येते, तिला चुना लागतो, अंगठा फिरतो, दोन थापा बसतात आणि चिमूट ओठाखाली जाते. गोष्टी चालूच असतात. संध्याकाळी कोणी विचारले, "आज किती वेळा खाल्लीत?" तर आपल्याला सांगता येत नाही.

आता गंमत पाहा. तंबाखू खाल्ली ती आपणच. चंची आपली, हात आपला, तोंडही आपले. पण खाताना आपले ध्यान तिकडे नव्हते. मग हात चंचीकडे नेला कोणी?

हात नेला सवयीने.

सवय ही काही नुसती वाईट वस्तू नाही. बाई भाकरी थापते, तेव्हा बोटे कशी फिरवायची याचा विचार करीत बसत नाही. पेरणी करणारा गडी दाणे कसे सोडायचे हे दर वेळी नव्याने शिकत नाही. एकच काम पुष्कळदा केले म्हणजे शरीर ते शिकून घेते आणि मन दुसऱ्या कामाला मोकळे होते. बैलगाडीचे तसेच. चाके फिरून फिरून वाटेत चाकोरी पडते. रात्री बाजाराहून येताना गाडीवानाला डुलकी लागली, तरी बैल त्या चाकोरीने गाडी बरोबर घरी आणतात. ठीक आहे. पण पावसाने मध्येच ओढ्याची दरड कोसळली असेल तर? बैल चाकोरी सोडणार नाहीत. त्या वेळी गाडीवान जागा असला पाहिजे.

वाईट सवय सोडायची म्हणजे पहिल्यांदा हा गाडीवान जागा करायचा. चाबूक मागाहून. आमच्या मते तर चाबकाचे काम थोडेच आहे.

हा विचार आमचा नव्हे. आपल्या मुलखात तो फार जुना आहे. समर्थ रामदासांनी मनाचे श्लोक लिहिले. ते २०५ आहेत. त्यांत समर्थ लोकांना रागे भरत नाहीत, राजाला सांगत नाहीत. ते मनालाच हाक मारून सांगतात. आता विचार करा. मनाला हाक मारता येते, मनाची समजूत घालता येते, तर हाक मारणारा मनाहून कोणी तरी निराळा असलाच पाहिजे. मन म्हणते, "एक बिडी ओढू." आणि आतून दुसरे कोणी तरी पाहत असते की मन आता बिडी मागते आहे. त्या पाहणाऱ्याला कोणी आत्मा म्हणतात, कोणी साक्षी म्हणतात. बौद्ध मार्गात आत्मा मानीत नाहीत. पण सावध राहणे, आपला श्वास आणि आपले मन यांकडे नीट पाहणे, याला तिथेही मोठे स्थान आहे. पंचशीलातले पाचवे शील नशा न करण्याचेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या दिवशी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. का आहे? नशेत सावधपणाच पहिल्यांदा जातो म्हणून.

नाव काय द्यायचे ते ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे द्यावे. काम एकच. आतला पाहणारा जागा ठेवायचा.

कोणी म्हणेल, "अहो, हे बोलायला सोपं. आम्हाला तासभरसुद्धा तंबाखूवाचून निघत नाही." खरे आहे का हे? रमजानच्या महिन्यात किती तरी बिडी ओढणारे मुसलमान भाऊ पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत बिडीला हात लावीत नाहीत. पाण्याचा थेंबही घेत नाहीत. तोच माणूस, तेच शरीर, तीच बिडी. एरवी तासाला तलफ येते आणि रोजाच्या दिवशी तो दिवसच्या दिवस काढतो. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या वारकऱ्याचेही तसेच. काल दारू पिणारा माणूस माळ घातल्यावर गुत्त्याच्या दारावरून सरळ निघून जातो. माळेत काही औषध नसते. पण हात गळ्याकडे गेला की मणी हाताला लागतो, आणि आपण कोण, आपण काय ठरवले आहे, याची आठवण होते. एवढी आठवण पुरते. रोजा आणि माळ, दोन्ही माणसाला जागे ठेवण्याच्या युक्त्या आहेत.

आता करायचे कसे ते सांगतो. आम्ही हे तंबाखूवर करून पाहिले आहे, म्हणून तंबाखूचेच सांगतो.

पहिले आठ दिवस काहीही सोडायचे नाही. होय, सोडायचे नाही! फक्त मोजायचे. सकाळी सदऱ्याच्या उजव्या खिशात मूठभर ज्वारीचे दाणे टाकायचे. चिमूट तोंडात टाकण्याआधी एक दाणा डाव्या खिशात टाकायचा. आधी दाणा, मग तंबाखू. रात्री निजण्यापूर्वी डाव्या खिशातले दाणे मोजायचे. आमची समजूत होती की आम्ही दिवसाकाठी पाच-सहा वेळा खातो. पहिल्या रात्री दाणे सतरा निघाले. घरच्यांना वाटले, मोजताना चूक झाली. दुसऱ्या रात्री एकोणीस निघाले.

दाणा टाकताना एक क्षण थांबावे लागते. त्या एका क्षणात स्वतःला विचारायचे, "आत्ता का?" याचे उत्तर फार शिकवून जाते. आम्हाला असे दिसले की सतरा-अठरातल्या चार-पाचच वेळा खरी तलफ होती. बाकीच्या वेळी काय होते? कोणी चुना मागितला म्हणून आपणही मळली. एसटी आली नाही म्हणून खाल्ली. सावकाराचा निरोप आला, छातीत धडधडले, म्हणून खाल्ली. घरात शब्दाला शब्द लागला, उठून बाहेर आलो आणि खाल्ली. म्हणजे तंबाखूची भूक थोडी, आणि काळजी, राग, रिकामपण यांची भूक जास्त. काळजी तंबाखूने जात नाही. कर्ज होते तेवढेच राहते. पण हे कळायला ते दाणे मोजावे लागले.

आठ दिवस नुसते पाहण्यात गेले आणि दाणे आपोआप चौदावर आले. आम्ही काही ठरवले नव्हते. पाहणाऱ्यापुढे सवयीला थोडी लाजच वाटते म्हणा ना.

मग सोडण्याचा दिवस ठरवायचा. त्या दिवशी घरातली तंबाखू बाहेर टाकायची आणि चार माणसांना सांगायचे. आता पुढे काय होते ते आधीच माहीत असलेले बरे. तंबाखूत निकोटिन नावाचे द्रव्य असते. ते रक्तातून मेंदूत जाते आणि क्षणभर बरे वाटते. मेंदूला त्याची सवय झाली की ते मिळाले नाही तर तो कुरकुर करतो. डोके दुखते, झोप लागत नाही, बारीकसारीक गोष्टीवरून राग येतो. पहिले तीन दिवस हा त्रास जास्त असतो. दोन ते चार आठवड्यांत तो पुष्कळ उतरतो. आणि प्रत्येक तलफ ही लाटेसारखी असते. चढते, आणि काही मिनिटांत उतरते. ती चढली की भांडायचे नाही आणि मान तुकवायचीही नाही. बसून श्वासाकडे पाहायचे. मनात म्हणायचे, "तलफ आली आहे. मी ती पाहतो आहे." वाटल्यास नाम घ्यावे. पाणी प्यावे, तोंडात बडीशेप टाकावी, चार पावले चालून यावे. एवढ्यात लाट उतरते.

बायकांच्या मिश्रीचे वेगळे सांगायला हवे. पुष्कळ आयाबहिणी म्हणतात, "आम्ही कुठं तंबाखू खातो? आम्ही नुसते दात घासतो." बाई, मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच! सकाळी चुलीपुढे बसून एकदा लावली, मग दुपारी, मग संध्याकाळी. दात घासायला तीन-चार वेळा कोण बसते? दिवसभराच्या कामात तेवढाच काय तो स्वस्थ बसण्याचा वेळ मिळतो, हे आम्ही जाणतो. तो वेळ जरूर घ्यावा, कोणाला विचारू नये. पण मिश्रीशिवाय घ्यावा. पोटुशी बाईने तर ती कधीच लावू नये. तिच्या तंबाखूने पोटातल्या मुलाचे वजन कमी भरते. चिमूट आईची आणि हाल बाळाचे.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, न भरणारी जखम राहिली, तोंड पूर्वीएवढे उघडेनासे झाले, तर देवाला नवस बोलत घरी थांबू नये. सरकारी दवाखान्यात जाऊन तोंड दाखवावे. तोंडाचा कॅन्सर लवकर कळला तर उपाय होतो. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००११२३५६ या सरकारी नंबरावर फोन करता येतो. पैसे पडत नाहीत.

दारूची गोष्ट मात्र जरा निराळी आहे. इथे नुसत्या आपल्या सवयीशी झगडा नसतो, जातगोतही आडवे येते. गाडगेबाबांचेच पाहा. त्यांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. नाव डेबूजी. वडील दारूपायी गेले आणि लहानगा डेबू आईबरोबर मामाच्या घरी वाढला. पुढे त्याला मुलगी झाली. बारशाला जातभाईंना दारू आणि मटणाचे जेवण घालायची रीत होती. सगळे घालीत आले, म्हणून त्यानेही घालायचे! डेबूजीने घातले नाही. गोडाचे जेवण दिले. लोक रुसले, बोलले. पण आपल्या घरात काय झाले हे त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिले होते. चाकोरीत बसलेल्या गाडीतून तो खाली उतरला. पुढे १९५६ साली देह ठेवीपर्यंत बाबा गावोगाव खराटा आणि कीर्तन घेऊन फिरले. कीर्तनात ते उपदेशाचे डोस पाजीत नसत. लोकांना प्रश्न विचारीत, आणि लोक उत्तर देत. उत्तर आपल्याच तोंडून निघाले की ते टाळता येत नाही. आमचा दाण्यांचा खटाटोप तोच आहे. फक्त इथे प्रश्न विचारणारेही आपण आणि उत्तर देणारेही आपणच.

पण एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. जो माणूस वर्षानुवर्षे रोज, सकाळपासून दारू पितो, त्याने माळ घातली, शपथ घेतली आणि एकदम दारू बंद केली, तर त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. हात थरथरतात, घाम सुटतो, झटके येतात, नसलेली माणसे दिसू लागतात. घरचे म्हणतात, "देवाचा कोप झाला" किंवा "बाहेरचं लागलं." तसे काही नाही. हा मेंदूला झालेला आजार आहे. अशा माणसाला आधी डॉक्टरकडे न्यावे, औषधे घेऊन दारू सोडवावी आणि मग माळ घालावी. देव त्याबद्दल रागावणार नाही, अशी आमची खात्री आहे. पुण्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले. तिथे औषधपाणी आहे, आणि बरोबर बसून आपली गोष्ट मोकळेपणी सांगणेही आहे. माणसाला दोन्ही लागते.

तंबाखू-दारू डोळ्यांना दिसते. काही सवयी दिसत नाहीत. बायकोने ताट ठेवायला उशीर केला की आवाज चढतो. पोराच्या हातून भांडे पडले की हात उठतो. हाही चंचीकडे जाणारा हातच आहे, आणि याचाही दाणा खिशात टाकता येतो. आम्हाला हे जास्त जड गेले. तंबाखूचे दाणे कमी झाले, रागाचे वाढले. तंबाखू सुटल्यावर पहिल्या आठवड्यात तर घरातली माणसे म्हणाली, "खा बाबा तुझी तंबाखू, पण ओरडू नकोस."

आणि ठरवलेले मोडतेही. आमचे पोळ्याच्या दिवशी मोडले. बैल मिरवून आणले, सगळे पारावर बसले, कोणी तरी मळलेली चिमूट पुढे केली आणि घेतली. तोंडात गेल्यावर कळले. रात्रभर वाईट वाटले. मनात आले, गेलेच सगळे, आता राहू द्या. सकाळी सदरा अंगात घालताना उजव्या खिशात हात गेला. कालचे दाणे तिथेच होते. सदरा तसाच चढवला आणि शेतावर गेलो. दुपारी बांधावर गड्याने चंची पुढे केली, तेव्हा हात आधी खिशात गेला. दाणा बोटांत धरला, थोडा वेळ चोळत बसलो, आणि परत त्याच खिशात टाकला.