पंचविसाचा आकडा : लहान कार्यस्थळाची पेयजल विहीर आणि अमेरिकी कायद्यातील अपवाद

बीजसंज्ञा : पेयजल, विंधन विहीर, कार्यस्थळ, वैधानिक सूट, जलगुणवत्ता

प्रस्तावना

पिण्याच्या पाण्याच्या कायद्याची चर्चा आपल्याकडे बहुधा नगरपालिका, जलशुद्धीकरण केंद्र आणि घरगुती नळ यांच्याभोवती फिरत असते. गावाबाहेरचा एखादा छोटा कारखाना, गोदाम किंवा शाळा स्वतःच्या विंधन विहिरीचे पाणी वापरते आणि तीच पंधरावीस माणसे ते पाणी वर्षानुवर्षे पितात, ही वस्तुस्थिती या चर्चेच्या कडेलाच राहते. अशा विहिरीला कायद्याने कोणत्या वर्गात बसवावे आणि तिला सूट द्यावयाची झाल्यास ती कशापासून द्यावी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कायद्याच्या आधारे केला आहे. त्या देशाची निवड करण्याचे कारण असे की, तेथे कार्यस्थळाच्या विहिरीसाठी स्वतंत्र वर्ग निर्माण करण्यात आला. 'अपवाद' हा शब्दही तेथे किमान चार वेगवेगळ्या अर्थांनी योजला जातो. या अर्थांची गल्लत झाली की मालक स्वतःला कायद्यातून मुक्त समजू लागतो आणि कामगार मात्र तेच पाणी पीत राहतो.

व्याख्या आणि तीन वर्ग

अमेरिकेचा सुरक्षित पेयजल कायदा १६ डिसेंबर १९७४ रोजी संमत झाला. त्याची अंमलबजावणी ईपीए या संघीय पर्यावरण संस्थेकडे असली, तरी वायोमिंग व राजधानीचा कोलंबिया जिल्हा वगळता प्रत्यक्ष अधिकार घटक राज्ये वापरतात. या कायद्याचे नियम 'सार्वजनिक जलपुरवठा प्रणाली'ला लागू होतात. किमान १५ जोडण्या असलेली, अथवा वर्षातून किमान ६० दिवस दररोज सरासरी २५ व्यक्तींना पाणी पुरविणारी प्रणाली म्हणजे सार्वजनिक प्रणाली, अशी तिची व्याख्या आहे. येथे 'सार्वजनिक' या शब्दाचा मालकीशी काहीही संबंध नाही, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. खासगी कारखान्याच्या आवारातील खासगी विहीरसुद्धा या अर्थाने सार्वजनिक ठरू शकते. अनेक मालकांचा पहिला गोंधळ येथेच होतो.

या प्रणालींचे तीन वर्ग आहेत. बारमाही रहिवाशांना पाणी देणारी ती वस्तीची प्रणाली. महामार्गावरील उपाहारगृह किंवा शिबिरस्थळ यांसारख्या ठिकाणी येणाऱ्याजाणाऱ्यांना पाणी देणारी ती अस्थायी प्रणाली. तिसरा वर्ग १९८७ साली निर्माण झाला. वस्तीची नसलेली, परंतु त्याच किमान २५ व्यक्तींना वर्षातील सहा महिन्यांहून अधिक काळ पाणी देणारी प्रणाली या वर्गात येते. मूळ इंग्रजी नाव 'नॉन-ट्रान्झिएंट नॉन-कम्युनिटी' असे दुहेरी नकाराचे आहे; सोयीसाठी येथे तिला 'कायम-वापर बिगरवस्ती प्रणाली' म्हटले आहे.

या वर्गामागील तर्क वैद्यकीय आहे. नायट्रेट किंवा जिवाणू यांचा अपाय अल्पकाळातही होतो, म्हणून त्यांची चाचणी अस्थायी प्रणालीलाही चुकत नाही. आर्सेनिक, शिसे किंवा सेंद्रिय द्रावके यांचा परिणाम मात्र मुख्यतः दीर्घ सेवनाने साचत जातो. प्रवासी एक पेला पाणी पिऊन निघून जातो. यंत्रावर काम करणारा माणूस तेच पाणी वीस वर्षे पितो. म्हणूनच दीर्घकालीन दूषितांचे बहुतांश निकष या तिसऱ्या वर्गालाही लावण्यात आले. आर्सेनिकची मर्यादा प्रतिलिटर ५० वरून १० मायक्रोग्रॅमवर आणणारा नियम २००१ साली जाहीर झाला व २००६ पासून अमलात आला, तोही कार्यस्थळांच्या विहिरींना समाविष्ट करूनच.

'अपवाद' शब्दाचे चार अर्थ

पहिला अर्थ, व्याप्तीतून वगळणे. एखादी प्रणाली केवळ साठवण व वितरण करीत असेल, सर्व पाणी दुसऱ्या नियमनाखालील प्रणालीकडून घेत असेल, पाणी विकत नसेल आणि आंतरराज्य प्रवासी वाहतूक करणारी नसेल, तर तिला नियम लागू होत नाहीत. चारही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. स्वतःची विहीर असलेले कार्यस्थळ पहिल्याच अटीत अडते, हे उघड आहे.

दुसरा अर्थ, चाचणीच्या वारंवारतेतील माफी. कायम-वापर प्रणाली भूजलावर चालणारी व हजार माणसांपर्यंतची असेल, तर जिवाणूंची चाचणी सामान्यतः तिमाही असते; राज्य ती वर्षातून एकदा करू शकते. अनेक अकार्बनी घटकांची भूजलातील चाचणी तीन वर्षांतून एकदा होते, आणि सलग तीन फेऱ्यांचे निष्कर्ष मर्यादेच्या आत आल्यास ती नऊ वर्षांतून एकदा करण्याची मुभा मिळू शकते. नायट्रेटला अशी माफी नाही.

तिसरा अर्थ, मुदतीची सूट. आर्थिक वा अन्य सबळ कारणांमुळे मर्यादा पाळणे तूर्त शक्य नसेल आणि आरोग्यास अवाजवी धोका नसेल, तर सामान्यतः तीन वर्षांपर्यंत सवलत मिळते. ३,३०० पर्यंत लोकसंख्येच्या लहान प्रणालींना ती दोन-दोन वर्षांनी वाढवून आणखी सहा वर्षे मिळू शकते. चौथा अर्थ, तंत्राधारित शिथिलता. परवडणारे तंत्र उपलब्ध नसल्यास लहान प्रणालीस पर्यायी तंत्र वापरू दिले जाते. जिवाणू-विषाणूंच्या बाबतीत ही शिथिलता लहान प्रणालींनाही नाही. या दोन्हींसाठी अर्ज, सार्वजनिक सूचना व वेळापत्रक लागते. विहिरीच्या मालकाने स्वतःच 'आम्ही लहान आहोत' असे ठरवून घेण्याची तरतूद कोठेही नाही.

बाटलीबंद पाण्याची पळवाट

विहिरीत आर्सेनिक आढळले तर कार्यालयात बाटलीबंद पाण्याचे जार ठेवावेत, हा उपाय कोणालाही सहज सुचेल. संघीय नियमांना तो मान्य नाही. आरोग्याचा धोका टाळण्यासाठी तात्पुरते बाटलीबंद पाणी देता येते. मर्यादेचे पालन झाले असे मात्र त्यावरून मानले जात नाही. शिवाय 'मानवी सेवन' या संज्ञेचा अर्थ केवळ पिणे असा नाही. १९८८ च्या मिडवे हाइट्स प्रकरणात कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने स्नान, स्वयंपाक, भांडी धुणे व मुखस्वच्छता यांचाही त्यात समावेश केला. नळाखाली बसवायच्या शुद्धीकरण उपकरणांना काही घटकांपुरती परवानगी आहे, परंतु त्यांची मालकी व देखभाल प्रणाली चालविणाऱ्याकडेच असावी लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही तरतूद मोलाची आहे. फिल्टर बसविणे सोपे असते. त्याची काडतुसे वेळेवर बदलणारा माणूस नेमणे हे खरे काम आहे. १९९६ च्या दुरुस्तीने कायम-वापर प्रणालींनाही प्रमाणपत्रधारक चालक बंधनकारक केला, तोही याच जाणिवेतून.

पंचविसाच्या खाली

आता खरा पेच. चोवीस कामगारांच्या कार्यशाळेचे काय? अभ्यागत व ग्राहक धरूनही दैनिक सरासरी २५ होत नसेल आणि जोडण्याही १५ पेक्षा कमी असतील, तर पेयजल कायदा तेथे पोहोचत नाही. ही रेषा प्रशासकीय सोयीची आहे; शरीरशास्त्रात तिला आधार शोधणे व्यर्थ होय. चोविसाव्या माणसाचे यकृत सव्विसाव्याहून वेगळे नसते.

तथापि, येथेही मोकळे रान नाही. कामगार सुरक्षेची संघीय संस्था ओशा हिच्या स्वच्छताविषयक नियमानुसार सामान्य उद्योगांतील कार्यस्थळी पिण्यायोग्य पाणी देणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी किमान कामगारसंख्येची अट नाही. 'पिण्यायोग्य' म्हणजे राज्य वा स्थानिक अधिकाऱ्याचे मानक, अथवा ईपीएचे राष्ट्रीय मानक पूर्ण करणारे पाणी. म्हणजे चोवीस जणांच्या विहिरीला चाचणीच्या वेळापत्रकातून सूट मिळाली, तरी निकषातून मिळालेली नाही. उणीव अशी की, चाचणी कधी व किती वेळा करावी हे ओशाचा नियम सांगत नाही. नमुना घेतलाच नाही तर निकष मोडल्याचे कळणार कसे? ही पोकळी काही राज्यांनी अंशतः भरून काढली आहे. वॉशिंग्टन राज्यात संघीय रेषेखालील प्रणालींचा 'ब गट' आहे, तर कॅलिफोर्नियात ५ ते १४ जोडण्यांच्या 'राज्य लघु प्रणाली'चा वर्ग आहे. कॅलिफोर्नियाची रेषा जोडण्यांवर असल्याने एकाच इमारतीतील कार्यशाळा तीतूनही सुटते.

भारतीय संदर्भ

आपल्याकडे ही रेषा वेगळ्या मापाने आखली गेली. केंद्रीय भूजल प्राधिकरणाशी संबंधित २४ सप्टेंबर २०२० च्या अधिसूचनेने दिवसाला १० घनमीटरपेक्षा कमी भूजल उपसणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांना ना-हरकत प्रमाणपत्राच्या अटीतून वगळले. तेथे माणसे मोजली, येथे लिटर मोजले. १० घनमीटर म्हणजे १०,००० लिटर. माणशी पाच लिटर धरल्यास दोन हजार माणसांची तहान भागेल इतके पाणी. भूजलपातळी राखण्यासाठी हे माप योग्य असेलही, परंतु पाणी कसे आहे याविषयी ते मौन बाळगते.

गुणवत्तेचा धागा कामगार कायद्यातून येतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १८ ने आरोग्यदायी पेयजलाची सोय, कामगारांना समजणाऱ्या भाषेतील फलक आणि शौचालयादी स्थानांपासून सहा मीटर अंतर बंधनकारक केले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली असून पेयजलाचे कर्तव्य तीतही आहे. पाण्याचे मानक म्हणून आयएस १०५०० (२०१२) उपलब्ध आहे. त्यातील नायट्रेटची ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आणि अमेरिकेची नायट्रोजनरूपातील १० मिलिग्रॅमची मर्यादा दिसायला भिन्न असल्या, तरी व्यवहारात जवळपास एकच आहेत. मात्र हे मानक स्वतःहून बंधनकारक नाही. एखाद्या नियमाने वा कराराने त्याचा आधार घेतला तरच ते लागू होते. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांतील भूजलात फ्लोराइडचा प्रश्न जुना आहे. तेथील वीस माणसांच्या कार्यशाळेच्या, किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या, विंधन विहिरीचा नमुना प्रयोगशाळेत कोणी व किती महिन्यांनी नेऊन द्यावयाचा, हे उपशाची मर्यादा सांगणाऱ्या अधिसूचनेत शोधून सापडणारे नाही.