न्यायमूर्तींचा भत्ता, पक्षकाराचे भाडे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. त्या म्हणीत पायरी आहे, पायरीपर्यंतचे अंतर नाही. सावंतवाडीच्या माणसाला मुंबई उच्च न्यायालयाच्या पायरीपर्यंत पोहोचायलाच पाचशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करावा लागे. ते अंतर कुणीतरी तोडायचेच असते. पक्षकार न्यायालयाकडे जातो, नाहीतर न्यायाधीश पक्षकाराकडे येतो. दोन्ही प्रवासांना पैसे पडतात. एकाचे पैसे सरकारी तिजोरीतून जातात, दुसऱ्याचे कनवटीचे. तात्पुरत्या नेमणुकीवर, नेहमीच्या जागेबाहेर किंवा निवृत्तीनंतर काम करणाऱ्या न्यायाधीशांच्या वेतन-भत्त्यांचा विषय म्हणूनच केवळ हिशेबनिसांचा नाही.

न्यायदानाचा खर्च कुणी सोसायचा, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. मराठेशाहीत निवाडा ज्याच्या बाजूने लागे त्याच्याकडून 'हरकी' घेत, हरणाऱ्याकडून 'गुन्हेगारी'. प्रतिवादीला बोलावण्यासाठी जो प्यादा धाडत, त्याचा 'मसाला'ही पक्षकारावरच बसे. खर्चाचा मोठा वाटा असा वाद घेऊन येणाऱ्यांकडूनच वसूल होई. अमेरिकेने वेगळी वाट धरली आणि तीही काट्याची निघाली. तिथल्या १७८९च्या कायद्याने सर्वोच्च न्यायालयात सहा न्यायाधीश नेमले. सरन्यायाधीशांना वर्षाला ४,००० डॉलर आणि इतरांना ३,५०० डॉलर वेतन ठरवले. याच न्यायाधीशांनी वर्षातून दोनदा घोड्यावरून किंवा बग्गीतून प्रांतोप्रांती फिरून न्यायालये भरवायची होती, आणि वाटखर्च करायचा होता तो याच वेतनातून. १७९२मध्ये न्यायाधीशांनी राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्याकडे या फिरतीबद्दल लेखी गाऱ्हाणे मांडले. थॉमस जॉन्सन यांनी तर १७९३मध्ये पदच सोडले. ही सक्ती कायद्यातून पुरती जायला १९११ साल उजाडले.

आपल्या संविधानाची तरतूद

आपल्या संविधानकर्त्यांनी हा खर्च न्यायाधीशाच्या खिशावर टाकला नाही. भारतीय हद्दीत कर्तव्यार्थ केलेल्या प्रवासाच्या खर्चाची वाजवी भरपाई आणि प्रवासाच्या वाजवी सोयी न्यायाधीशाला मिळाव्यात, असे दुसऱ्या अनुसूचीतच लिहून ठेवले. पुढे उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांसाठी १९५४चा वेतन व सेवाशर्ती कायदा आला. त्याच्या २२व्या कलमात हीच भाषा आहे, आणि तपशील १९५६च्या प्रवासभत्ता नियमांत. 'भरपाई' हा त्यातला कळीचा शब्द. प्रवासभत्ता ही कमाई नव्हे. न्यायाधीश कामासाठी घराबाहेर पडला म्हणून त्याला तोटा होऊ नये, एवढाच त्याचा हेतू.

वेतनाची व्यवस्था याहून पक्की आहे. १९५०मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचे ३,५०० रुपये मासिक वेतन खुद्द संविधानात छापलेले होते. ते वाढवायला संविधानदुरुस्ती लागे, आणि १९८६पर्यंत ती झाली नाही. त्या वर्षी ५४व्या दुरुस्तीने ते ८,००० रुपये केले आणि पुढचे बदल संसदेच्या साध्या कायद्यावर सोपवले. २०१८च्या कायद्याने १ जानेवारी २०१६पासून ते २,२५,००० रुपये झाले. उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना २,५०,००० रुपये, भारताच्या सरन्यायाधीशांना २,८०,००० रुपये. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन आणि भत्ते राज्याच्या एकत्रित निधीवर 'प्रभारित' असतात, म्हणजे विधानसभेत त्यावर मत घेतले जात नाही. त्यांचे निवृत्तिवेतन मात्र भारताच्या एकत्रित निधीतून जाते. नेमणुकीनंतर भत्ते आणि निवृत्तिवेतनाचे हक्क न्यायाधीशाचे नुकसान होईल असे बदलता येत नाहीत, हे अनुच्छेद २२१ सांगतो. या सगळ्यामागचा विचार सरळ आहे. ज्याच्याविरुद्ध निकाल द्यायची पाळी कधीही येऊ शकते, त्या सरकारच्या हातात न्यायाधीशाच्या पगाराची दोरी नसावी.

एका शब्दाचा फरक

निवृत्त न्यायाधीशाला पुन्हा बोलावले की ही भक्कम भिंत एका ठिकाणी पातळ होते. उच्च न्यायालयासाठी ही सोय अनुच्छेद २२४-अ मध्ये आहे, सर्वोच्च न्यायालयासाठी अनुच्छेद १२८ मध्ये. दोन्हींचा साचा सारखाच. राष्ट्रपतींची पूर्वसंमती घेऊन मुख्य न्यायमूर्तींनी निवृत्त न्यायाधीशाला विनंती करायची. त्याची इच्छा असेल तरच त्याने यायचे. आसनावर असेपर्यंत त्याला न्यायाधीशाची सारी अधिकारिता, अधिकार आणि विशेषाधिकार मिळतात. पण एरवी तो त्या न्यायालयाचा न्यायाधीश 'मानला जाणार नाही'. आणि त्याला मिळणार काय? राष्ट्रपती आदेशाने ठरवतील ते 'भत्ते'. वेतन हा शब्द तिथे नाही. संसदेचा कायदाही नाही. राष्ट्रपतींचा आदेश म्हणजे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निघणारा आदेश, हे संविधान वाचणाऱ्याला सांगायला नको.

या अनुच्छेदाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १९५०च्या मूळ संविधानात निवृत्त न्यायाधीशांना बोलावण्याची तरतूद अनुच्छेद २२४ मध्ये होती. ही सोय पुरेशीही नाही आणि समाधानकारकही नाही, असा अनुभव सांगून १९५६च्या सातव्या दुरुस्तीने ती काढली आणि तिच्या जागी अतिरिक्त व कार्यकारी न्यायाधीशांची व्यवस्था आणली. सात वर्षांनी, १९६३मध्ये, १५व्या दुरुस्तीने तीच सोय २२४-अ म्हणून परत आली. त्याच दुरुस्तीने उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ६०वरून ६२ केले. शिवाय, एका उच्च न्यायालयातून दुसऱ्यात बदली झालेल्या न्यायाधीशाला वेतनाखेरीज भरपाईभत्ता देण्याचे १९५६मध्ये गाळलेले कलमही पुन्हा घातले. घर सोडून दुसरीकडे न्याय करायला जाणाऱ्याला काहीतरी द्यावे लागते, ही जाणीव अशी गेली आणि परत आली.

तरतूद परत आली, पण वापरात आली नाही. २०२१मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा तिच्या वापराची तीनच उदाहरणे नोंदली गेली. १९७२मध्ये मध्य प्रदेशात निवडणूक याचिकांसाठी, १९८२मध्ये मद्रास उच्च न्यायालयात आणि २००७मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात अयोध्या प्रकरणासाठी. साठ वर्षांच्या आसपास तीन माणसे.

वजा निवृत्तिवेतन

'लोक प्रहरी' खटल्यातला तो निकाल २० एप्रिल २०२१चा. पीठावर सरन्यायाधीश शरद बोबडे होते; ते नागपूरचे. तदर्थ न्यायाधीश केव्हा बोलावायचे याच्या कसोट्या निकालाने घालून दिल्या. मंजूर पदांपैकी २० टक्क्यांहून अधिक रिकामी असणे, प्रलंबित प्रकरणांपैकी १० टक्क्यांहून अधिक पाच वर्षांपेक्षा जुनी असणे, अशा त्या कसोट्या होत्या. संख्या साधारण दोन ते पाच आणि मुदत दोन ते तीन वर्षे ठरली. पैशाबाबत निकालाने सांगितले की तदर्थ न्यायाधीशाला कायम न्यायाधीशाइतकेच वेतन आणि भत्ते मिळावेत, त्यातून निवृत्तिवेतन वजा करून. निवासाची सोय किंवा घरभाडे भत्ताही इतरांसारखाच. या काळात त्याने लवादाचे, सल्ल्याचे किंवा वकिलीचे दुसरे कोणतेही काम करायचे नाही.

आता साधी वजाबाकी करू. महागाईभत्ता बाजूला ठेवला तर मूळ वेतन महिना २,२५,००० रुपये. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचे पूर्ण निवृत्तिवेतन वर्षाला १३,५०,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,१२,५०० रुपये. पूर्ण निवृत्तिवेतन सर्व निवृत्त न्यायाधीशांना समान मिळावे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२५ रोजी स्पष्ट केले. वजाबाकी अगदी निम्म्यावर येते. घरी बसून मिळणारे १,१२,५०० रुपये तो आपल्यासोबत घेऊन येतो, आणि पूर्णवेळ कामाबद्दल वर तेवढेच मिळतात. म्हणजे न्यायालयाला अनुभवी न्यायाधीश निम्म्या वाढीव खर्चात मिळतो. आणि त्या न्यायाधीशाने सोडायचे काय? लवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतल्या तक्त्याप्रमाणे मोठ्या दाव्यात एका लवादाचे शुल्क एकाच प्रकरणात ३० लाख रुपयांपर्यंत जाऊ शकते. हे आकडे शेजारीशेजारी ठेवल्यावर विनंती स्वीकारणाऱ्याच्या मनात काय तोलले जात असेल, ते वेगळे सांगावे लागत नाही.

पण पैसा हे एकच कारण मानणे अन्यायाचे होईल. ३० जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रिक्त पदांची २० टक्क्यांची अट स्थगित ठेवली आणि प्रलंबित फौजदारी अपिलांसाठी तदर्थ न्यायाधीश नेमायला वाट मोकळी केली. त्यांची संख्या मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त नसावी, आणि त्यांनी विद्यमान न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील पीठावर बसावे, अशी अट घातली. त्या पीठावर अमरावतीचे न्या. भूषण गवई होते. या अटीमुळे कालपर्यंत ज्याने पीठाचे अध्यक्षपद भूषवले, त्याला वयाने लहान सहकाऱ्याच्या शेजारी बसावे लागणार होते. मान हाही एक भत्ताच असतो, आणि तो कोणत्याही आदेशात मोजता येत नाही. मात्र तराजूच्या दुसऱ्या पारड्यात कोण आहे, हे विसरता येणार नाही. शिक्षा भोगत असलेला आणि अपिलाची सुनावणी व्हायची वाट पाहणारा कैदी त्या पारड्यात आहे. पुढे तो निर्दोष ठरला, तर तुरुंगात गेलेल्या वर्षांचा भत्ता त्याला कुणी देत नाही.

खंडपीठ आणि एसटीचे तिकीट

महाराष्ट्राने या प्रश्नाची दुसरी बाजू जवळून पाहिली आहे. १९५६च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या ५१(३) कलमानुसार मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने न्यायाधीशांना मुख्य ठिकाणाबाहेर बसवू शकतात. याच कलमाखाली २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला पीठ सुरू झाले. त्याला आव्हान दिले गेले, पण सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, आणि पुढे १९८४मध्ये ते कायम खंडपीठ झाले. कोल्हापूरचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५पासून बसू लागले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आले.

खंडपीठाच्या मागणीला विरोध करताना खर्चाचा मुद्दा नेहमी पुढे येतो. इमारत, बंगले, गाड्या, कर्मचारी, न्यायमूर्तींचा प्रवास. हा खर्च खरा आहे, पण तो हिशेबाचा एकच रकाना आहे. कोल्हापूरहून मुंबई पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. तारखेला जाणाऱ्या शेतकऱ्याची दोन दिवसांची मजुरी, एसटीचे तिकीट, रात्रीच्या मुक्कामाचे पैसे, वर 'पुढची तारीख' मिळाली तर तेच सारे पुन्हा. हा रकाना कोणत्याच अंदाजपत्रकात नसतो, कारण तो हजारो खिशांत वाटला गेलेला असतो. न्यायाधीश एक येतो, पक्षकार शेकडो जातात. एका न्यायमूर्तीचा प्रवासभत्ता महाग वाटतो तो केवळ एका जागी लिहिलेला दिसतो म्हणून.

मी वकील नाही. अधिनियम आणि निकालपत्रे हाताशी घेऊन बसणारा वाचक आहे. त्या वाचनातून दोन गोष्टी मला करण्याजोग्या वाटतात. पहिली, पुन्हा बोलावलेल्या न्यायाधीशाचे वेतन, भत्ते, निवास आणि प्रवास यांसाठी १९५४च्या कायद्यातच स्वतंत्र कलम घालावे. आज त्याच्या मोबदल्याला आधार आहे तो न्यायालयाच्या निकालाचा आणि राष्ट्रपतींच्या आदेशाचा. ज्याला न्यायाधीशाचे सगळे अधिकार दिले, त्याच्या मोबदल्याला न्यायाधीशासारखेच कायद्याचे संरक्षण असायला हवे. दुसरी, नवे खंडपीठ किंवा सर्किट बेंच यांचा खर्च मांडताना त्या भागातल्या पक्षकारांच्या वाचणाऱ्या प्रवासाचा अंदाज शेजारी मांडणे सक्तीचे करावे. किती अपिले, किती तारखा, किती किलोमीटर, एवढी माहिती न्यायालयांच्या नोंदींत असते. तिचा गुणाकार करायला एक दुपार पुरेल.