वर्षातून दोनदा ट्रेलर ओढायचा, मग मोठा ट्रक घ्यायचा का?

समजा, तुम्ही अमेरिकेत राहता. रोज ऑफिसला जायला गाडी हवी आणि उन्हाळ्यात दोनदा बोटीचा ट्रेलर ओढायचाय. मग मोठा ट्रकच घ्यायचा का?

थांबा, आधी वजन बघा.

फोर्ड मॅव्हरिकचं २०२२ चं हायब्रिड मॉडेल शहरात गॅलनला ४२ मैल देतं आणि २,००० पाउंड, म्हणजे साधारण ९०० किलो ओढतं. टर्बो पेट्रोल मॉडेल टोइंग पॅकेजसह ४,००० पाउंड ओढतं, पण मायलेज कमी.

लक्षात ठेवा, या आकड्यात ट्रेलर आणि त्यावरचं सामान दोन्ही येतं. मर्यादा ओलांडली, तर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, उतारावर ते जिवावर बेतू शकतं.

बोट ९०० किलोंत बसत नाही? तरीही रोजची गाडी रोजच्या हिशोबानेच घ्या. त्या दोन दिवसांसाठी टोइंगची परवानगी असलेला ट्रक भाड्याने घ्या.